कोणाचे नाव लावावे?

शास्त्रवाचन : गणना २७:१-७, रूथ १:६-२१, इफिसकरांस पत्र ३:१४, १५



लग्न ठरले की घरात कितीतरी गोष्टींची चर्चा होते. तारीख कोणती, जेवण कोणते, पाहुण्यांना उतरवायचे कोठे, ह्या प्रत्येक गोष्टीवर थोरामोठ्यांचे मत घेतले जाते. एका गोष्टीवर मात्र कोणी कोणाचे मत विचारीत नाही, कारण ती ठरलेलीच आहे असे सर्वांनी धरलेले असते. ती म्हणजे लग्नानंतर मुलीने लावावयाचे नाव. आज ह्या न विचारलेल्या प्रश्नाचा आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात विचार करू.

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही. धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेली ही माणसे. कोणी लूमवर, कोणी डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, कोणी साडीच्या मार्केटात कामाला. बाया घरबसल्या साड्यांचे धागे कापतात, खडे-टिकल्या लावतात. मुली लग्न होऊन खानदेशातून येथे येतात, तसेच येथल्या मुली तिकडे जातात. मराठी घरातील मुलीचे लग्नात एकच नाव बदलत नाही. मधले बापाचे नाव जाते आणि तेथे नवऱ्याचे नाव येते. शेवटचे आडनाव जाते आणि तेथे सासरचे आडनाव येते. पुष्कळ घरांत तांदळांच्या ताटात नवे नाव लिहून पहिले नावही बदलण्याची चाल होती. म्हणजे तिन्ही नावे गेली! त्यात गुजरातेत आल्यावर आडनाव आधी लिहावयाचे, आणि नावापुढे ‘बेन’ जोडले जाते. नंदुरबारकडे ज्यांना गावित म्हणतात त्यांच्याच समाजाला इकडे गामीत म्हणतात. अशा वेळी आपली बहीण शाळा सोडल्याचा दाखला एका हातात आणि रेशनकार्ड दुसऱ्या हातात घेऊन उभी राहते, तेव्हा दोन्ही कागदांवरची बाई एकच आहे हे तिला साहेबाला पटवून द्यावे लागते.

२०२५ सालच्या अखेरीस गुजरातेत मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. त्यात २००२ च्या जुन्या यादीत आपले स्वतःचे अथवा आईवडिलांचे नाव दाखवावयाचे होते. त्या वेळी कितीतरी सुनांना माहेरी फोन करावे लागले. जे नाव लग्नात पुसावयास लावले तेच नाव सापडावे म्हणून आता सारे घर खटपट करू लागले. अनुसूचित जमातीचा दाखलाही सामान्यतः बापाच्या वंशावरून मिळतो. लग्नाने तो बदलत नाही. ह्यावरून आपण एवढे तरी समजावे की, माहेरचे नाव पुसले म्हणून मिटत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर लग्नानंतर स्त्रीने आडनाव बदललेच पाहिजे अशी सक्ती आपल्या देशात नाही. पासपोर्टासाठी लग्नानंतर नाव बदलण्याची गरज नाही, हे २०१७ साली पंतप्रधानांनीच जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे व मग बापाचे नाव लावण्याचा निर्णय घेतला आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याखाली जी विवाहाची नोंदवही भरली जाते तीत वधूचे लग्नापूर्वीचे नाव व तिच्या बापाचे नाव लिहिले जाते. तेव्हा सक्ती आहे ती कायद्याची नव्हे. ती आपल्या मनाची आणि चालीरीतींची आहे.

नवागामातील एका घरची गोष्ट आहे. घरात नवी सून आली. ती शिकलेली, परिचारिकेचे काम करणारी. बाप सुवार्तिक होता. पाड्यापाड्यांतून पायी हिंडून त्याने वचन सांगितले होते. त्याला तीन मुलीच. मुलीच्या लग्नाआधी दोन वर्षे तो प्रभूकडे गेला. आता आधारकार्डावरचे नाव बदलण्याची वेळ आली तेव्हा ही मुलगी अडली. सासरवर तिचा राग नव्हता. ती म्हणाली, “ह्यांचे नाव लावायला मला आवडेल. पण पपांचे नाव काढताना हात थांबतो. मला दोन्ही वाटते, मी काय करू?”

सासूबाईंना हे लागले. त्या आम्हांला म्हणाल्या, “पाळकसाहेब, आमचे लग्न झाले तेव्हा हे घर अजून विश्वासात आलेले नव्हते. माझे तर नावसुद्धा बदलले. मी काही बोलले होते का?” त्यांच्या बोलण्यात राग होता, पण रागाच्या तळाशी दुसरेच काही होते. आम्ही त्यांना विचारले, “बाई, माहेरी तुम्हांला काय म्हणत?” त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. मग हळूच त्यांनी ते नाव सांगितले. त्यांचा मुलगा तेथेच बसला होता. तीस वर्षांच्या त्या मुलाने आपल्या आईचे ते नाव त्या दिवशी प्रथमच ऐकले.

बंधुभगिनींनो, ह्या घरात दोषी कोण, असे आपण विचारू नये. सुनेचे दुःख खरे आणि सासूचेही खरे. एकीचे नाव जाण्याच्या बेतात होते, दुसरीचे चाळीस वर्षांमागे गेले होते आणि तिच्यासाठी कोणी रडले नव्हते. आता आपण शास्त्राकडे वळू.

पहिली गोष्ट : बापाचे नाव राहावे असे वाटणे हे पाप नव्हे

सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. समोर मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सारी मंडळी. बाप रानात मेला होता, भाऊ नव्हता. त्यांनी विचारले ते थोडक्यात असे : मुलगा नाही एवढ्यासाठी आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का जावे? त्यांना कोणी उद्धट म्हटले नाही. मोशेनेही स्वतः निकाल दिला नाही. त्याने ती गोष्ट परमेश्वरापुढे नेली. आणि परमेश्वराने सांगितले की, ह्या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांच्या वतनाबद्दल वंशातील पुरुषांनी हरकत घेतली व त्यांच्या लग्नाबाबत एक अट आली, हे खरे. परंतु त्या बोलल्या ते बरोबरच होते, हा देवाचा शब्द मागे घेतला गेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बापाच्या नावासाठी आलेल्या ह्या मुलींची स्वतःची नावे शास्त्राने एकदा नव्हे, अनेकदा लिहून ठेविली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. सलाफहादाच्या मुली असे म्हणून काम भागले असते. देवाने मात्र एकेकीचे नाव घेतले. तेव्हा ज्या मुलीचा हात बापाचे नाव काढताना थांबतो तिला कोणी हट्टी म्हणू नये. तिने पाचव्या आज्ञेचे मोल ओळखले आहे.

दुसरी गोष्ट : मागितलेले नाव करासारखे, दिलेले नाव दानासारखे

आता रूथकडे पाहा. सासरच्या माणसांशी पूर्णपणे एक होण्याचे तिच्यासारखे उदाहरण शास्त्रात दुसरे नाही. तिने सासूचे लोक आपले मानले, सासूचा देव आपला मानला. पुष्कळ लग्नांत हा उतारा वाचला जातो आणि नव्या सुनेकडे सर्वांच्या नजरा वळतात. परंतु त्याआधीचा भाग आपण वाचीत नाही. रूथने हे शब्द उच्चारले ते कोणी मागितले म्हणून नव्हे. नामीने तर तिला परत जा, परत जा असे पुन्हा पुन्हा सांगितले. माहेरची वाट पूर्ण मोकळी होती. अर्पा सासूचे चुंबन घेऊन त्या वाटेने गेली, तेव्हा नामीने तिला शाप दिला नाही. वाट मोकळी होती म्हणूनच रूथचे राहणे हे दान झाले. नामीने ते हक्काने मागून घेतले असते तर तो कर झाला असता.

हीच आजच्या मननातील मुख्य गोष्ट आहे. जे नाव न लावण्याची मोकळीक होती तेच नाव प्रेमाने लावले असे म्हणता येईल. ज्या घरात मोकळीक नाही त्या घरातील सुनेने नाव बदलले तर कागद बदलतो; मनाचे काय ते कोणास कळत नाही.

रूथने इतके केले तरी शास्त्र तिचे मूळ पुसत नाही. बेथलेहेमेत आल्यावरही तिला मवाबी रूथ म्हटले आहे. आणि नामी? दुःखाने ती म्हणाली की, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. पण पुढे सारा ग्रंथ तिला नामी म्हणूनच संबोधतो. कडूपणाचे नाव तिने स्वतःवर घेतले, परंतु देवाच्या लोकांनी ते तिला लावले नाही.

आता पुरुषांसाठी एक शब्द. रूथच्या चौथ्या अध्यायात दोन पुरुष आहेत. एक जवळचा नातलग. तो प्रथम शेत घ्यावयास तयार होता. परंतु त्याबरोबर मेलेल्या माणसाचे नाव राखण्याची जबाबदारी येते हे कळताच आपल्या वतनाची हानी होईल म्हणून तो मागे सरला. दुसरा बवाज, त्याने दुसऱ्याचे नाव त्याच्या वतनात टिकावे म्हणून भर वेशीत साक्षीदार बोलावून वचन दिले. आणि परिणाम पाहा. ज्याने आपलेच सांभाळले त्याचे नावच शास्त्र देत नाही. नुसता अमका म्हणून त्याची बोळवण करते. बवाजाचे नाव मात्र प्रभू येशूच्या वंशावळीत आहे. आपल्या बायकोच्या बापाचे नाव राखले तर आपले नाव कमी होईल अशी भीती ज्यांस वाटते, त्यांनी ह्या अमक्याचा विचार करावा. आईबापास सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहण्याची गोष्ट उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुषाविषयी सांगितली आहे, हेही विसरू नये.

तिसरी गोष्ट : चाल बदलते, हाक बदलत नाही

काही म्हणतील, नवऱ्याचे नाव लावणे ही तर ख्रिस्ती पद्धत आहे. तसे नाही. पवित्र शास्त्रात आडनावेच नाहीत. आइसलंडचे बहुसंख्य लोक लूथरन मंडळीचे. तेथे स्त्री लग्नानंतरही बापाच्या अथवा आईच्या नावावरून आलेले आपले नाव कायम ठेविते. कोरियात ख्रिस्ती मंडळी मोठी आहे. तेथेही स्त्री आपले जन्माचे आडनाव बदलीत नाही. इंग्लंडातील मंडळीत पिढ्यान् पिढ्या नवऱ्याचे आडनाव लावीत आले. सर्वांचा प्रभू एकच आहे. चाल ही चाल आहे. तिला सुवार्तेचा मान देऊ नये, आणि तिचा धिक्कारही करू नये.

आपल्याच मराठी स्त्रियांकडे पाहा. पंडिता रमाबाई माहेरच्या डोंगरे. बंगालच्या बिपिन बिहारी मेधावी ह्यांच्याशी त्यांचा विवाह १८८० साली झाला आणि दोन वर्षांत त्या विधवा झाल्या. जग त्यांना नवऱ्याच्या आडनावाने ओळखीत नाही, बापाच्याही नाही. विद्येने मिळालेल्या पंडिता ह्या पदवीने ओळखते. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलले, पण ‘स्मृतिचित्रे’ लिहून ते सासरचे नाव त्यांनी असे उजळले की, आज पुष्कळांना नारायण वामन टिळकांची घरगुती ओळख त्यांच्यामुळेच होते.

आणि तिसरी आपल्या सुरतेची. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले गेले. मोठेपणी त्यांनी ते नांदणे नाकारले, तेव्हा दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुमारे दोन दशके ह्या सुरत शहरात त्यांनी स्त्रियांची सेवा केली. लोक त्यांना डॉक्टर रखमाबाई एवढेच म्हणत. परंतु १९०४ साली दादाजी वारले तेव्हा ह्याच रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. ज्या लग्नाला त्यांनी कोर्टात नाकारले त्याचा शोकही त्यांनी पाळला! मनुष्याच्या मनात दोन भावना एकत्र राहू शकतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याने दुसऱ्याच्या घरातील नावाचा न्याय करू नये.

पौल इफिसकरांस लिहितो की, स्वर्गातील व पृथ्वीवरील प्रत्येक कुळाला ज्याच्यावरून नाव मिळते त्या पित्यापुढे मी गुडघे टेकतो. प्रत्येक कुळाला! म्हणजे माहेरच्या कुळालाही आणि सासरच्या कुळालाही. दोन्ही आडनावे उसनी आहेत. धनी एकच आहे. म्हणून एका नावासाठी दुसऱ्याचा अपमान करणे हे त्या पित्याच्या दोन लेकरांत भांडण लावण्यासारखे आहे. अब्रामाचा अब्राहाम झाला तो पुन्हा मागे वळला नाही. याकोबाचा इस्राएल झाला, तरी शास्त्र त्याला दोन्ही नावांनी हाक मारीत राहिले आणि देवाने याकोबाचा देव म्हणवून घेण्यास कमीपणा मानला नाही. एकाने नवे नाव पूर्ण घेतले, दुसऱ्याने दोन्ही वागविली. दोघेही त्याच कराराचे.

आपल्याकडून माहेरी जाताना गाडी नवापूरला थांबते. त्या स्टेशनाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे. फलाटावरून चालता चालता माणूस एका राज्यातून दुसऱ्यात जातो. परंतु स्टेशन मोडलेले नाही. त्याचे नाव एकच आहे आणि गाडी दोन्हीकडच्या माणसांना घेऊन पुढे जाते. आपल्या सुनांची मने अशीच असतात. मधली रेघ पुसून टाका असा त्यांच्यामागे धोशा लावू नका.

मग आपण काय करावे?

नवऱ्याने लग्नाआधीच विचारावे, “तुला काय वाटते?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. सासूसासऱ्यांनी नामीसारखी वाट मोकळी ठेवावी. माहेरच्यांनीही, मुलीने आनंदाने नाव बदलले तर आम्हांस विसरली असे म्हणून तिला टोचू नये. ती दिलेली देणगी आहे, फितुरी नव्हे. जी मुलगी नाव राखते तिने, बदलणारीस कमी लेखू नये. जी बदलते तिने, राखणारीस गर्विष्ठ म्हणू नये. ज्या बहिणीला नवऱ्याने टाकले आहे तिला तर कोणते नाव लावावे हे आपण मुळीच शिकवू नये. तिला कागदपत्रांसाठी सोबत हवी असेल तर सोबत जावे.

आणि मंडळीने आपल्या नोंदवह्या उघडाव्यात. श्री. व सौ. अमुक असे लिहिताना त्या सौ. चे नाव कोठे गेले? मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे पूर्ण नाव लिहावे. स्त्रीच्या थडग्यावर कोणाची पत्नी एवढेच न लिहिता तिचे स्वतःचे नाव ठळक लिहावे. बाप्तिस्मा देताना पाळक आडनावाने नव्हे तर नावाने हाक मारतात. लग्नाचे वचनही माणूस आपल्या नावानेच देतो. देवापुढे जी हाक चालते ती आपल्या वहीतही चालावी.

त्या नवागामच्या घरात अजून काही ठरलेले नाही. आधारकार्डावर बापाचे नाव तसेच आहे. सून म्हणते, पुढे पाहू. सासूबाई त्याविषयी आता बोलत नाहीत. पण मुलाने आईच्या त्या जुन्या नावाची नोंद घरच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावर, कुटुंबाच्या नावांत, केली आहे.

यशया ४३ व्या अध्यायात परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की, मी तुला तुझ्या नावाने बोलाविले आहे आणि तू माझा आहेस. मेंढपाळ आपल्या मेंढरांना ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूही म्हणाला. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत रडणाऱ्या स्त्रीने त्याला ओळखले ते केव्हा? त्याने तिला मरीये अशी हाक मारली तेव्हा. त्या हाकेत ती कोणाची मुलगी, कोणाची बायको हे काहीच नव्हते. तरीही ती पूर्ण ओळखली गेली होती.

प्रार्थना करू या : हे पित्या, प्रत्येक कुळाला नाव देणाऱ्या देवा, आमच्या लेकीसुनांची नावे तू आपल्या हातांवर कोरली आहेस. ज्यांची नावे आमच्या घरांत पुसली गेली त्यांना आम्हांकडून पुन्हा हाक मारली जावी असे कर. देणाऱ्याला आनंदाने देऊ दे, राखणाऱ्याला शांतीने राखू दे, आणि मागण्याचा मोह आमच्यातून काढून टाक. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.